आयर्लंडमध्ये गांडुळाऐवजी फिरकीवर सॅमन: एका हंगामाची नोंद

मेयो काउंटीतील मॉय नदी सॅमनसाठी प्रसिद्ध आहे, आणि गळाची मासेमारी मी तिच्याच काठी, आमच्या शेजारी राहणाऱ्या, सत्तरी ओलांडलेल्या एका गृहस्थांकडून शिकले. त्यांचे आयुष्य गांडुळावर सॅमन धरण्यात गेले असल्यामुळे माझीही सुरुवात गांडुळानेच झाली. गळाला दोन-तीन जाड गांडुळे ओवायची, वर शिशाचे वजन बांधायचे, डोहाच्या तोंडाशी टाकून ते तळावरून हळूहळू घरंगळू द्यायचे आणि तंगूस बोटावर धरून वाट पाहायची, एवढीच ती पद्धत. मासा आमिष तोंडात घेतो तेव्हा तंगुसाला दोन-तीन बारीक हिसके जाणवतात. त्या वेळी घाई न करता त्याला ते नीट गिळू द्यावे, हा त्यांनी मला दिलेला पहिला धडा होता.

गेल्या वर्षी जुलैच्या मध्यावर मी तो धडा तंतोतंत पाळला. मासा काठाशी आला तेव्हा दिसले की गळ जबड्यात नसून पार घशात उतरला आहे आणि कल्ल्यांतून रक्त येत आहे. घरी त्याआधीचा एक सॅमन शिल्लक असल्यामुळे हा सोडून द्यावा असे माझ्या मनात होते. तंगूस कापून मी त्याला पाण्यात धरून ठेवले, परंतु पाच-सात मिनिटांत तो कुशीवर कलंडला. नियमाच्या दृष्टीने त्यात काहीही चुकीचे नव्हते. ठेवलेल्या सॅमनला लावायची परवान्याबरोबर मिळणारी पट्टी, म्हणजे टॅग, मी त्याच्या कल्ल्यातून ओवला, लॉगबुक या नोंदवहीत नोंद केली, मासा घरी आणला आणि आम्ही तो खाल्लाही. मात्र ठेवायचा की सोडायचा हा निर्णय माझ्या हाती उरला नव्हता, तो गांडुळाने आधीच घेऊन टाकला होता, आणि ही गोष्ट मला पुढे बरेच दिवस खटकत राहिली. गांडूळ सोडून फिरकीसारख्या धातूच्या कृत्रिम आमिषाकडे वळण्याचे पहिले कारण हेच.

वास्तविक अटलांटिक सॅमन समुद्रातून नदीत शिरला की खाणे जवळजवळ थांबवतो आणि समुद्रात साठवलेल्या चरबीवरच प्रजननापर्यंतचे महिने काढतो. तरीही तो गांडूळ का उचलतो आणि धातूच्या चकतीवर का झेपावतो, याची उत्तरे काठावर बसलेल्या प्रत्येकाकडे वेगवेगळी असतात: कोणी जुनी सवय म्हणते, कोणी राग, तर कोणी आपल्या जागेत शिरलेल्याला हुसकावण्याची वृत्ती. फरक पडतो तो परिणामात. गांडूळ खरे असते, त्याला चव असते, म्हणून मासा ते गिळत जातो. धातूचा तुकडा चावताक्षणी नकली असल्याचे कळते, आणि म्हणून गळ बहुतेक वेळा ओठात किंवा जबड्याच्या कोपऱ्यात रुततो. (जाता जाता एक खुलासा: आपल्याकडे ज्याला ‘इंडियन सॅमन’ म्हणतात तो रावस चवीला कितीही छान असला, तरी सॅमनच्या कुळातला नाही. माझ्या माहेरी हे अजून कोणाला पटलेले नाही.)

कृत्रिम आमिषाकडे वळण्याचे दुसरे कारण मात्र सरळ कायद्याचे होते. आयर्लंडमध्ये कोणत्या नदीत सॅमन धरून ठेवता येईल, कोणत्या नदीत धरून सोडावा लागेल आणि कोणती नदी पूर्ण बंद राहील, हे दर वर्षी नव्याने ठरते. प्रत्येक नदीत प्रजननासाठी किमान किती मासे परतायला हवेत याची एक मर्यादा शास्त्रज्ञ काढतात. ती पुरी होऊन वर मासे उरत असतील तर ठेवण्याची परवानगी मिळते, मर्यादेच्या निम्म्याहून अधिक मासे येत असतील तर साधारणपणे फक्त धरून सोडण्याची, आणि त्याहून कमी असतील तर नदी बंद राहते. नवी यादी डिसेंबरच्या अखेरीस येते. आमच्या घरापासून वीस मिनिटांवर असलेली छोटी नदी ‘धरा आणि सोडा’ या वर्गात होती. अशा नद्यांवर गांडूळ वापरण्यास बंदी आहे, आणि गळ एकेरी किंवा दुहेरी, तोही उलट काटा काढलेला, म्हणजे बार्बलेस असावा लागतो. तीन तोंडांचा गळ चालत नाही. त्या नदीचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण तिचा वर्ग पुढच्या वर्षी बदललेला असू शकतो. आपल्या नदीचे नाव त्या वर्षीच्या यादीत स्वतः शोधूनच घराबाहेर पडावे.

परवान्याचे काम मी ६ जानेवारीला हाती घेतले. इन्लँड फिशरीज आयर्लंडच्या संकेतस्थळावर सॅमनचा परवाना घेता येतो. सर्व जिल्ह्यांसाठी वर्षभराचा १०० युरो, एकाच जिल्ह्यासाठी ५६, एकवीस दिवसांचा ४० आणि एका दिवसाचा २० युरो असे दर होते. आदल्या वर्षी मी एकवीस दिवसांचा घेतला होता आणि त्यातले बारा दिवस नदी इतकी आटलेली होती की रॉड पिशवीतून बाहेर काढण्यात अर्थ नव्हता. या वेळी वर्षभराचा घेतला. धरलेला प्रत्येक मासा सोडूनच द्यायचा असला तरी परवाना लागतोच, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

अर्ज भरताना माझ्या हातून एक चूक झाली. पत्त्याच्या एअरकोडमध्ये, म्हणजे इथल्या पिनकोडमध्ये, एक अक्षर चुकले, आणि परवान्याबरोबर टपालाने येणारे लॉगबुक व टॅग आले नाहीत. दोन आठवडे वाट पाहून मी दूरध्वनी केला, पत्ता दुरुस्त करून घेतला, आणि त्यानंतर पाचव्या दिवशी पाकीट हाती पडले. हंगामाला अवकाश असताना हे झाले म्हणून निभावले. जे नदीवर जायच्या आदल्या रात्री परवाना घेणार असतील त्यांनी टपालाचे हे दिवस हिशेबात धरावेत.

परवाना मिळाला म्हणजे नदीवर उभे राहण्याचा हक्क मिळाला असे होत नाही. आयर्लंडमधील बहुतेक सॅमनच्या पाण्यावर कोणाची तरी मालकी असते, एखाद्या क्लबची, जमीनदाराची किंवा सरकारी संस्थेची, आणि त्यांची परवानगी वेगळी घ्यावी लागते. आमच्या नदीवर एक स्थानिक क्लब आहे. त्याचा अर्ज छापील होता, खाली एका जुन्या सभासदाची शिफारस हवी होती, आणि समितीची बैठक महिन्यातून एकदाच होत असे. १४ जानेवारीला दिलेला अर्ज २० फेब्रुवारीला मंजूर झाला, वर्गणी १४० युरो. शिफारस अर्थातच शेजाऱ्यांची होती. सही करताना ते म्हणाले, “धातूच्या तुकड्यामागे धावणारा मासा मूर्ख असतो, आणि मूर्ख मासे नदीत फार थोडे आहेत.” क्लबच्या नियमांत कोळंबीलाही मनाई होती, म्हणजे नैसर्गिक आमिषाचा विषय माझ्यापुरता संपलाच.

मंजुरीची वाट पाहण्याच्या काळात मी ल्युअर, म्हणजे कृत्रिम आमिषे, गोळा केले. सॅमनसाठी येथे वापरले जाणारे प्रकार ढोबळमानाने तीन. पहिला स्पून, म्हणजे दांडी नसलेला चमचा. तो पाण्यात डुलत, अंगाला हेलकावे देत पोहतो. स्वीडनच्या आबू कंपनीचा टोबी हा त्यातला येथे सर्वांच्या तोंडी असलेला. दुसरा स्पिनर, ज्याला मी घरात फिरकी म्हणते. तारेच्या कण्याभोवती त्याचे पाते गरगरते आणि ते फिरताना होणारी थरथर रॉडच्या टोकापर्यंत जाणवते. आयरिश लोकांचा लाडका ‘फ्लाइंग सी’ याच जातीचा आहे: आत शिशाचे वजनदार अंग, त्यावर रबरी नळी आणि मागे त्याच रबराच्या फडफडणाऱ्या झिरमिळ्या. तिसरा प्रकार माशाच्या आकाराचा प्लग, जसा फिनलंडचा रापाला. शेजाऱ्यांनी माळ्यावरून एक गंजलेला डबा काढून दिला, त्यात त्यांच्या वडिलांचे लाकडी डेव्हन मिनो, म्हणजे छोट्या माशाच्या आकाराचे जुन्या पद्धतीचे फिरते ल्युअर, होते. स्वतः वापरत नसत, पण टाकूनही दिले नव्हते.

दुकानात गेल्यावर रंगांच्या मोहात पडू नये, हे मी मोहात पडल्यानंतर सांगत आहे. पहिल्या खेपेस मी नऊ वेगवेगळे ल्युअर आणले आणि हंगामभर त्यांतले तीनच पाण्यात गेले. पाणी चढून गढूळ असेल तेव्हा तांबडा किंवा पिवळा फ्लाइंग सी, पाणी उतरून चहासारखे तांबूस झाले की काळा-सोनेरी टोबी, आणि पाणी स्वच्छ व कमी असेल तेव्हा छोटी काळी किंवा तांब्याच्या पात्याची फिरकी. रंगापेक्षा वजन महत्त्वाचे निघाले. एकाच नमुन्याचे दहा, पंधरा आणि वीस ग्रॅमचे तीन नग जवळ असले तर नदीच्या बहुतेक अवस्था भागतात.

खरे वेळखाऊ काम होते गळ बदलण्याचे. दुकानातून येणाऱ्या बहुतेक ल्युअरना मागे तीन तोंडांचा गळ असतो. तो कडीतून सोडवून त्या जागी रुंद डोळ्याचा एकेरी गळ बसवावा लागतो आणि त्याचा उलट काटा चपट्या पकडीने दाबून सपाट करावा लागतो. काटा पूर्ण बसला आहे की नाही हे डोळ्यांना नीट दिसत नाही. गळ कापसाच्या किंवा जुन्या सुती कापडाच्या घडीत टोचून परत ओढावा. धागा अडकला तर काटा शिल्लक आहे. माझ्या पहिल्या सहा गळांपैकी दोन दाबताना टोकाशी मोडले, कारण मी पकड आडवी धरली होती. पकड गळाच्या टोकाच्या रेषेत धरून हळूहळू दाब दिला की गळ वाचतो. आणखी एक गोष्ट कोणी सांगितली नव्हती: तीन तोंडांचा गळ काढून हलका एकेरी गळ लावला की ल्युअरचा मागचा भार कमी होतो आणि काही स्पून डुलण्याऐवजी गरगर फिरू लागतात. त्यावर उपाय म्हणजे मूळ गळाच्या वजनाच्या जवळपास जाणारा, थोडा मोठा एकेरी गळ निवडणे आणि नदीवर जाण्याआधी उथळ पाण्यात ल्युअर ओढून त्याची चाल पाहणे. मी ही पाहणी घरच्या न्हाणीच्या टबात केली. चाल कळायला टबाची लांबी पुरत नाही, एवढेच त्यातून सिद्ध झाले.

९ मार्चला मी पहिल्यांदा पाण्यावर गेले. हवा चार अंश, पाणी त्याहून जेमतेम उबदार. गांडुळाच्या मासेमारीत माणूस एका जागी स्थिर असतो आणि वास व चव आपले काम करतात. येथे दर दोन मिनिटांनी फेकायचे, ओढायचे आणि एक पाऊल खाली सरकायचे. संध्याकाळपर्यंत माझा उजवा खांदा भरून आला, दोन ल्युअर दगडांत अडकून तुटले आणि फिरकीच्या पिळामुळे तंगुसाची अशी गुंतवळ झाली की वीस-एक मीटर कापून टाकावा लागला. पुढच्या खेपेला मी ल्युअरच्या वर दोन फुटांवर चांगल्या प्रतीचे स्वीव्हल, म्हणजे स्वतःभोवती फिरणारी जोडकडी, बांधले आणि पिळाचा त्रास जवळजवळ थांबला. पाच रुपयांची वस्तू म्हणावी तशी क्षुल्लक गोष्ट, पण तिच्यावाचून पूर्ण दिवस वाया जातो.

२३ मार्चला रॉड एकदम जड झाला आणि खाली वाकला. मासा लांब होता, चंदेरी होता, आणि माझे हात इतके थरथरत होते की जाळे काठीवरून निसटले. मात्र तो फारसा झुंजला नाही, आणि जवळ आल्यावर त्याचे डोके अंगाच्या मानाने मोठे, पोट खपाटीला गेलेले आणि परांच्या कडा झिजलेल्या दिसल्या. कल्ल्यांवर तांदळाच्या दाण्यांसारखे पांढरट परजीवी चिकटलेले होते. हा केल्ट, म्हणजे हिवाळ्यात प्रजनन उरकून समुद्राकडे परत निघालेला सॅमन. पॅसिफिकमधील सॅमन प्रजननानंतर मरतात. अटलांटिक सॅमनमधले काही जगतात आणि उतरत्या पाण्याबरोबर परततात. थकलेला असला तरी वसंतात तो ल्युअरवर झडप घालतो, आणि नवशिके त्याला ताजा सॅमन समजतात. केल्ट तर कुठल्याही नदीवर सोडावाच लागतो. मी सोडला, घरी येऊन शेजाऱ्यांना फोटो दाखवला, आणि त्यांनी चष्मा पुसून “तुझ्या मूर्ख माशाला भूक लागली होती” एवढाच शेरा मारला.

एप्रिल आणि मे हे दोन महिने एकही मासा न लागता गेले. या काळात मला कळले की मी ल्युअर फार वेगाने ओढत होते. भीती अशी असते की हळू ओढले तर तो तळाला जाऊन अडकेल, आणि त्या भीतीने हात आपोआप घाई करतो. पण थंड पाण्यातला सॅमन पाठलाग करत नाही, त्याच्या नाकासमोरून सावकाश काही गेले तरच तो तोंड उघडतो. प्रवाहाला आडवे, किंचित खालच्या बाजूला फेकायचे, रॉडचे टोक वर धरून प्रवाहाला ल्युअर वाहून नेऊ द्यायचा आणि पाते फिरत राहील इतपतच रीळ फिरवायचे. पात्याची थरथर हाताला लागते आहे तोवर सर्व ठीक, ती थांबली तर ओढ कमी पडली, आणि ती कर्कश झाली तर जास्त. जूनअखेर पाणी कमी झाल्यावर मी उलट पद्धतही शिकले: फ्लाइंग सी प्रवाहाच्या वरच्या अंगाला फेकून पाण्यापेक्षा थोडा अधिक वेगाने खाली आणायचा. तेव्हा घाईच हवी असते. वेग ऋतूप्रमाणे आणि पाण्याप्रमाणे बदलतो, हे मी वाचलेले होते. हाताला कळायला अडीच महिने लागले.

ल्युअर अडकणे हा या पद्धतीचा मोठा खर्च आहे, म्हणून सोडवण्याची एक युक्ती सांगते. अडकल्यावर जोराने ओढू नये. उलट पुष्कळ तंगूस सैल सोडावा. प्रवाह त्याचा फुगा ल्युअरच्या खालच्या अंगाला वाहून नेतो, आणि मग एक झटका दिला की ओढ विरुद्ध दिशेने बसून गळ बहुधा निघतो. माझे साधारण निम्मे ल्युअर असे परत मिळाले. जे तुटतात ते नदीत राहतात, हे या पद्धतीचे वैगुण्य लपवण्यात अर्थ नाही. गांडूळ कुजते, शिसे आणि रबर कुजत नाही.

२६ जूनच्या रात्री चांगला पाऊस झाला. सार्वजनिक बांधकाम विभागाच्या संकेतस्थळावर नद्यांची पातळी जवळपास ताजी दिसते. मी दुसऱ्या दिवशी सकाळपासून तो आलेख पाहत होते. चढत्या पाण्यात पाने, काटक्या आणि फेस वाहतो, त्यात काही हाती लागत नाही. रेघ खाली वळली की निघायचे. २८ जूनला पहाटे साडेपाचला मी डोहाच्या शेपटीशी उभी होते. पाणी पुराच्या खुणेखाली हातभर उतरलेले, कोऱ्या चहाच्या रंगाचे. पंधरा ग्रॅमचा काळा-सोनेरी टोबी तिरका जाऊन माझ्या खालच्या अंगाला सरळ रेषेत आला, क्षणभर तिथेच प्रवाहात लटकला, आणि नेमक्या त्या वेळी, मी तो परत गुंडाळणार एवढ्यात, रॉड हातातून निसटावा असा ओढला गेला. गांडुळाचे बारीक हिसके वेगळे, हे दार आपटल्यासारखे होते.

बार्बलेस गळावर तंगूस क्षणभरही ढिला पडू देता येत नाही. मासा उसळला की रॉडचे टोक किंचित खाली आणायचे, तो माझ्याकडे धावला की वेड्यासारखे रीळ फिरवायचे, आणि बाकी वेळ नुसता बाक टिकवायचा. आठ-नऊ मिनिटांनी तो जाळ्यात आला. ग्रिल्स होता, म्हणजे समुद्रात एकच हिवाळा काढून परतलेला. रॉडवर आधीच चिकटवून ठेवलेल्या पट्टीवर ६४ सेंटिमीटर भरला, त्यावरून वजन अडीच-पावणेतीन किलो धरले. गळ जबड्याच्या उजव्या कोपऱ्यात होता. जाळे पाण्यातच ठेवून, हात ओले करून, पकडीने गळाला मागे रेटले आणि तो एका हालचालीत निघाला. मी माशाला प्रवाहाकडे तोंड करून दोन्ही हातांवर धरले. त्याचे कल्ले उघडझाप करत होते, मग शेपटीचा एक फटकारा माझ्या तोंडावर पाणी उडवून गेला. फोटो काढायचा राहिला. काठावर बसून लॉगबुक काढले तेव्हा ‘सोडला’ या रकान्यात पहिल्यांदा काही लिहिताना माझे अक्षर नेहमीपेक्षा वाईट आले आहे.

त्यानंतर ६ जुलैला एक आणि ऑगस्टच्या अखेरीस एक असे आणखी दोन सॅमन लागले, दोन्ही जबड्यात, दोन्ही मिनिटाभरात मोकळे. तीन सुटले. त्यांतले दोन माझ्या ढिल्या तंगुसामुळे गेले, तिसऱ्याचे कारण मला कळलेले नाही. ज्यांना ताटातला मासा हवा आहे त्यांना हे प्रमाण परवडणार नाही, हे मान्य आहे. जुलैच्या मधल्या दोन आठवड्यांत मी पूर्ण थांबले, कारण पाण्याचे तापमान २० अंशांवर गेले होते. उबदार पाण्यात प्राणवायू कमी असतो आणि झुंजून दमलेला मासा सोडल्यावरही पुढे तग धरत नाही. साधा तापमापक दोरीला बांधून खिशात ठेवावा, दहा युरोंच्या आत मिळतो.

१७ ऑगस्टला मत्स्य विभागाचे एक अधिकारी काठाने चालत आले. परवाना, लॉगबुक आणि क्लबचे कार्ड या क्रमाने त्यांनी मागितले. मग ल्युअर हातात घेऊन गळ स्वतःच्या लोकरी टोपीत टोचला आणि ओढला. पहिला सहज निघाला, पण खोक्यातल्या दुसऱ्याला एक धागा अडकला. माझ्या पोटात गोळा आला. तो ल्युअर त्या दिवशी पाण्यात गेला नव्हता, तसे मी सांगितले. त्यांनी काही न बोलता पकड मागितली, काटा पुन्हा दाबून सपाट केला, टोपीवर तपासला आणि परत दिला. जाताना म्हणाले की खोक्यातला प्रत्येक गळ घरीच तपासत जा, कारण नदीवर घाईत तो कोणता होता हे आपल्यालाच आठवत नाही. तेव्हापासून मी दाबलेल्या गळाच्या कडीला नखाच्या रंगाचा लाल ठिपका लावते.

हंगाम ३० सप्टेंबरला संपला. एकूण २६ दिवस मी पाण्यावर होते. खर्चाचा हिशेब असा: परवाना १००, क्लब १४०, ल्युअर ११८ (त्यांतले निम्म्याच्या आसपास नदीच्या तळाशी), गळ १६, आणि गाठी नसलेल्या रबरी जाळीचे हातजाळे ४५, म्हणजे ४१९ युरो. जाळे पुन्हा घ्यावे लागणार नाही. गांडुळाच्या वर्षी आमिषाचा खर्च शून्य होता, परसातली माती उकरली की झाले.

लॉगबुक परत पाठवण्याची मुदत परवाना संपल्यापासून सात दिवस, आणि कोणत्याही परिस्थितीत १९ ऑक्टोबर अशी आहे. एकही मासा लागला नसला तरी कोरे लॉगबुक पाठवावेच लागते, कारण पुढच्या वर्षीची यादी ज्या आकड्यांवर ठरते त्यांत या नोंदी धरल्या जातात. न वापरलेले टॅगही सोबत परत करायचे असतात. ४ ऑक्टोबरला मी प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवला आणि पाकीट भरायला घेतले. शेजारी चहाला आले होते. त्यांनी टॅगची अख्खी पट्टी उलटसुलट करून पाहिली, एकही तुटलेला नाही याची खात्री करून घेतली आणि विचारले, “म्हणजे वर्षभर एकही नाही?” मी लॉगबुक पुढे केले. त्यांनी तिन्ही ओळी वाचल्या, आणि निघताना वडिलांच्या डब्यातला एक डेव्हन मिनो मागून घेतला. त्यावर एकेरी गळ बसवून द्यायचे काम माझ्याकडे ठेवून गेले.